अर्जदाराचा आवाज : छत्तीसगढमधील सामाजिक संगणनविषयक संशोधन आणि तौलनिक साहित्याभ्यास

१. विषयाची मांडणी

संगणकशास्त्र आणि साहित्याभ्यास ही ज्ञानक्षेत्रे परस्परांपासून दूरची मानण्याचा प्रघात आहे. एकाचा संबंध यंत्राशी आणि दुसऱ्याचा संहितेशी, अशी ही ढोबळ विभागणी. तथापि गेल्या तीन-चार दशकांत संगणकशास्त्राच्या अंतर्गत एक अशी शाखा आकाराला आली की तिचे मूलभूत प्रश्न साहित्याभ्यासकाला परके वाटू नयेत. ती शाखा म्हणजे सामाजिक संगणन. माणसे यंत्राच्या साहाय्याने एकमेकांशी कशी बोलतात, एकत्र कशी येतात, कोणाचे म्हणणे पुढे जाते आणि कोणाचे मागे राहते, हा या शाखेचा अभ्यासविषय आहे. १९८४ साली ‘संगणक-साहाय्यित सहकार्य’ या विषयावर अमेरिकेत भरलेल्या कार्यशाळेपासून तिची पूर्वपीठिका सांगितली जाते, आणि १९९४ साली डग्लस शुलर यांनी एका प्रतिष्ठित संगणकविषयक मासिकाचा विशेषांक ‘सामाजिक संगणन’ याच शीर्षकाखाली संपादित केल्यानंतर ही संज्ञा रूढ होऊ लागली.

‘डिजिटल नागरिकत्व’ ही तिला लागून असलेली दुसरी संकल्पना. कॅरन मॉसबर्गर, कॅरोलिन टॉल्बर्ट आणि रमोना मॅकनील यांनी २००७ साली तिची जी मांडणी केली, तीत आंतरजालाचा नियमित वापर करून सामाजिक जीवनात सहभागी होण्याच्या क्षमतेवर भर होता. पुढे २०१५ साली एंगिन इसिन आणि एव्हलिन रुपर्ट यांनी या व्याख्येची दिशा बदलली. त्यांच्या मते नागरिकत्व हे साधन वापरण्याच्या सवयीत नसून हक्क मागण्याच्या कृतीत असते. ‘हे माझे आहे आणि ते मला मिळाले पाहिजे’ असे जो म्हणतो, तो त्या म्हणण्याच्या क्षणी नागरिक म्हणून उभा राहतो.

दुसरी व्याख्या स्वीकारली की एक प्रश्न अटळ होतो. हक्काची मागणी ही अखेर एक उक्ती आहे. ती कोणत्या भाषेत केली जाते, कोणत्या रूपबंधात केली जाते, आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिच्यावर कोणकोणते संस्कार होतात? हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच तौलनिक साहित्याभ्यासाचाही आहे. प्रस्तुत लेखात छत्तीसगढमधील एका प्रयोगाच्या आणि त्याभोवती झालेल्या संशोधनाच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

२. रायपूरची पूर्वपीठिका

रायपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या परिसरात मराठी कुटुंबे स्थिरावली आणि त्यांतील अनेकांनी पुढे हिंदी सार्वजनिक जीवनात महत्त्वाचे कार्य केले. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे त्यांतील अग्रगण्य नाव. मातृभाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रायपूरचे वामनराव लाखे त्यांचे सहकारी होते. आर्थिक अडचणींमुळे ते मासिक सुमारे तीन वर्षांतच बंद पडले; परंतु या प्रदेशातील नियतकालिकांचा इतिहास त्याच्यापासूनच सांगितला जातो. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद सप्र्यांनीच केला आणि त्यांचा अखेरचा काळ रायपुरातच गेला.

सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. एका गरीब विधवेची झोपडी जमीनदार वकिलांच्या मदतीने न्यायालयामार्फत बळकावतो. ती त्या झोपडीतील टोपलीभर माती नेण्याची परवानगी मागते, आणि ती टोपली उचलून द्यावी अशी जमीनदारालाच विनंती करते. ती त्याला उचलवत नाही. एका टोपलीचा भार पेलवत नसेल तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो खजील होतो आणि झोपडी परत करतो.

या कथेकडे तक्रारीची कथा म्हणून पाहता येते. विधवेची बाजू न्यायालयाच्या भाषेत मांडली जात नाही. तिची तक्रार ऐकली जाते ती समोरासमोर, बोलीतून आणि एका दृष्टांताच्या रूपात. परंतु वाचकापर्यंत ती पोचते ती एका सुशिक्षित संपादकाच्या लेखणीतून आणि मुद्रित हिंदीतून. विधवा बोलते, तिला बोलते करणारा लेखक मात्र दुसरा असतो. तक्रारदार, मध्यस्थ आणि माध्यम यांचे हे त्रिकूट छत्तीसगढच्या सार्वजनिक जीवनात शंभर वर्षांनंतर नव्या रूपात पुन्हा समोर आले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. नव्या राज्याने संगणकीय प्रशासनाचा उत्साहाने अंगीकार केला. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या संगणकीकरणाबाबत छत्तीसगढचे नाव देशभर घेतले जाऊ लागले. २०१२ साली रायपूर शहरात अशी योजना सुरू झाली की शिधापत्रिकाधारकाला ठरावीक दुकानाशी बांधून न राहता शहरातील पसंतीच्या रास्त भाव दुकानातून धान्य घेता यावे. २०१८ साली राज्यशासनाने लाखो स्त्रियांना व विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन देण्याची योजना हाती घेतली. त्या वर्षअखेरच्या सत्तांतरानंतर ती थांबली. पहिल्या योजनेने नागरिकाला निवड दिली, दुसरीने साधन दिले. या दोन्हींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण धान्य देणारे यंत्र नागरिकाला ओळखते, त्याचे म्हणणे ऐकत नाही. आणि हाती आलेला फोन त्याच्या भाषेत बोलेलच, याची हमी नसते. ऐकण्याचा प्रश्न या योजनांच्या कक्षेबाहेरच राहिला.

३. ‘सीजीनेट स्वर’ : यंत्रणा आणि रूपबंध

हा प्रश्न ज्या प्रयोगाने हाती घेतला तो म्हणजे ‘सीजीनेट स्वर’. बीबीसीमध्ये निर्माता म्हणून काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांच्या तांत्रिक साहाय्याने २०१० साली तो सुरू केला. त्यामागील निदान सोपे होते. मध्य भारतातील आदिवासी भागात वृत्तपत्र पोचत नाही, पोचले तरी ते वाचणारे थोडे. दूरचित्रवाणीला वीज लागते. खासगी आणि सामुदायिक नभोवाणी केंद्रांना स्वतःचे वार्तापत्र प्रसारित करण्याची मुभा नाही. साधा मोबाइल फोन मात्र गावोगाव पोचू लागला होता.

यंत्रणेचे स्वरूप पुढीलप्रमाणे होते. ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावयाचा. यंत्र उलट फोन करते, त्यामुळे बोलणाऱ्याला खर्च पडत नाही. मग एक आकडा दाबून स्वतःचा निरोप ध्वनिमुद्रित करावयाचा अथवा दुसरा आकडा दाबून इतरांचे निरोप ऐकावयाचे. आलेला निरोप संपादक ऐकतात, त्यातील माहितीची शक्य तेवढी खातरजमा करतात, आणि मगच तो सर्वांसाठी खुला होतो. त्याचा लिखित सारांश संकेतस्थळावरही दिला जात असे. जिथे फोनची लहरच पोचत नाही अशा गावांसाठी पुढे ब्लूटूथद्वारे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ध्वनिफिती पोचविण्याची पद्धत वापरण्यात आली. ‘ब्लूटूथ’ या शब्दाचा गावकऱ्यांच्या तोंडी ‘बुलटू’ असा उच्चार होत असे, आणि त्याच उच्चारावरून त्या उपक्रमाला ‘बुलटू रेडिओ’ असे नाव पडले. परक्या तंत्राला आपल्या उच्चारात बसवून घेण्याची ही प्रक्रिया भाषाभ्यासकाला परिचित आहे.

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे तो या निरोपांचा रूपबंध. तक्रारीच्या निरोपाला लवकरच एक साचा प्राप्त झाला. बोलणारा प्रथम आपले नाव सांगतो; मग गाव, पंचायत, विकासखंड आणि जिल्हा. त्यानंतर तक्रार : हातपंप नादुरुस्त आहे, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, शाळेत शिक्षक येत नाहीत. मग संबंधित अधिकाऱ्याचे पद आणि दूरध्वनी क्रमांक. आणि शेवटी ऐकणाऱ्यांना विनंती, की त्यांनी त्या अधिकाऱ्याला फोन करून काम करून घेण्यास मदत करावी. तक्रार सुटल्यावर पुष्कळदा तोच माणूस पुन्हा बोलतो, काम झाल्याचे सांगतो आणि ज्यांनी फोन केले त्यांचे आभार मानतो.

या साच्याची तुलना दोन परंपरांशी करता येईल. पहिली परंपरा अर्जाची. अव्वल इंग्रजी अमदानीपासून रुळलेला विनंतीअर्ज कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे जातो. त्याची भाषा नम्रतेची असते आणि वाचक एकच असतो, तो म्हणजे अधिकारी. ‘स्वर’वरील निरोपात तपशिलाची मांडणी अर्जाचीच आहे, मात्र संबोधन बदलले आहे. अर्जदार अधिकाऱ्याशी न बोलता अनोळखी श्रोत्यांशी बोलतो, आणि अधिकाऱ्याकडे त्यांना पाठवितो. दुसरी परंपरा व्रतकथेची. संकट, उपाय आणि फलश्रुती हा व्रतकथेचा क्रम इथे दोन निरोपांत विभागून येतो, आणि फलश्रुती सांगणे हे ऐकणाऱ्यांप्रति कर्तव्य मानले जाते. फलश्रुतीमुळे पुढच्या ऐकणाऱ्याची श्रद्धा दृढ होते, तसेच इथेही काम झाल्याचा निरोप ऐकूनच दुसऱ्या गावातील माणूस बोलावयास धजावतो. मौखिक परंपरेत वाढलेल्या समाजाने नव्या माध्यमाला आपल्या परिचयाचा आकार दिला, असे यावरून म्हणता येईल.

४. संशोधनाची वाटचाल आणि अभ्यासकाची घडण

या प्रयोगाभोवती जे विद्यापीठीय संशोधन उभे राहिले, त्याचा इतिहास या शाखेतील अभ्यासक कसा घडतो यावर प्रकाश टाकतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाची स्थापना २००५ सालची. तिच्या आरंभीच्या नेतृत्वात केंटारो तोयामा हे संगणकशास्त्रज्ञ होते. २००६ साली बर्कले येथे आणि २००७ साली बंगळूर येथे माहिती-तंत्रज्ञान व विकास या विषयावरील पहिल्या दोन आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या आणि या विषयाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले. ‘स्वर’शी निकटचा संबंध असलेले विल्यम थीस यांचे एमआयटीतील डॉक्टरेटचे काम आज्ञावल्यांच्या भाषांतरक प्रणालींवरील होते, म्हणजे यंत्राच्या अंतर्भागाशी निगडित. तिथून ते ग्रामीण भारतातील आवाजाच्या माध्यमांकडे आणि आरोग्यसेवेकडे वळले. २०१६ साली त्यांना मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली.

‘स्वर’वरील पहिला महत्त्वाचा शोधनिबंध २०१२ साली अटलांटा येथील परिषदेत मांडला गेला. प्रीती मुदलियार, जोनाथन डोनर आणि विल्यम थीस हे त्याचे लेखक. मुदलियार त्या काळी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात संज्ञापनविद्येच्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. यंत्रणा उभारणारा एक आणि तिच्यातून उमटणारे व्यवहार समजून घेणारे दुसरे, अशी ही सहलेखनाची रीत या शाखेचे वैशिष्ट्य आहे. आरंभीच्या सुमारे पावणेदोन वर्षांत या सेवेवर ७०,०००हून अधिक कॉल आले आणि सुमारे १,१०० निरोप प्रसारित झाले, अशी नोंद त्या निबंधात आहे. बोलणारे, अधिकारी आणि पत्रकार अशा ४२ जणांच्या मुलाखती घेऊन या व्यवहाराचे गुणात्मक विश्लेषण त्यात करण्यात आले.

या दोन आकड्यांतील तफावत विचार करण्याजोगी आहे. प्रसारित झालेल्या एका निरोपामागे साठांहून अधिक कॉल पडतात. त्यांतील काही कॉल अप्रसारित निरोपांचे असणार हे गृहीत धरले, तरी बहुसंख्य माणसे ऐकण्यासाठी फोन करीत होती असा निष्कर्ष काढता येतो. डिजिटल नागरिकत्वाच्या चर्चेत ‘अभिव्यक्ती’ या शब्दाला जे महत्त्व दिले जाते, त्याच्या तुलनेत ‘श्रवण’ उपेक्षित राहिले आहे. कीर्तनाच्या परंपरेत श्रोत्याचे स्थान निष्क्रिय मानले जात नाही. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी आहे. ‘स्वर’चा श्रोता तर ऐकून झाल्यावर अधिकाऱ्याला फोन करणारा, म्हणजे निरोपाची पूर्तता करणारा आहे.

पुढे २०१५ साली या प्रयोगाच्या परिणामांचा फेरविचार करणारा आणि २०१६ साली मध्य प्रदेश शासनाच्या मुख्यमंत्री हेल्पलाइनशी त्याची तुलना करणारा, असे दोन निबंध प्रसिद्ध झाले. मेघना मराठे, जॅकी ओ’नील, परोमिता पेन आणि थीस हे त्यांचे लेखक. या शाखेत अशा पुनर्भेटी विरळा. तेथील विद्यापीठीय कारकीर्द परिषदेतील निबंधांवर उभी राहते. नव्या यंत्रणेचे वर्णन, काही महिन्यांचा वापर आणि त्यातून निघालेले निष्कर्ष, असा निबंधाचा आवाका असतो. यंत्रणा चालू ठेवणे, बिघडलेली दुरुस्त करणे, संपादकांना मानधन मिळवून देणे ही कामे निबंधाचा विषय होत नाहीत. त्यामुळे अभ्यासकाच्या कारकिर्दीचा काळ आणि गावाच्या तक्रारीचा काळ यांची गती जुळत नाही. तोयामा यांनी २०१५च्या आपल्या पुस्तकात तंत्रज्ञान हे समाजात आधीच असलेल्या इच्छाशक्तीचे व सामर्थ्याचे वर्धन करते, त्यांची उणीव भरून काढत नाही, असे प्रतिपादन केले. दिल्लीच्या आयआयटीतील आदितेश्वर सेठ यांनी २००९ साली ‘ग्राम वाणी’ हा उपक्रम सुरू केला आणि २०२२च्या आपल्या ग्रंथात तंत्रज्ञांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा प्रश्न उभा केला. दोघेही यंत्रणा उभारण्याच्या कामातून या आत्मपरीक्षणाकडे आले आहेत, ही बाब नोंदविणे अगत्याचे आहे.

५. संपादक की अनुवादक?

‘स्वर’च्या यंत्रणेत सर्वाधिक अधिकार असलेली आणि निबंधांत सर्वांत कमी दिसणारी व्यक्ती म्हणजे संपादक. कोणता निरोप खुला करावयाचा, त्यातला कोणता भाग वगळावयाचा, लिखित सारांशात काय येईल, हे तो ठरवितो. सशस्त्र संघर्षाच्या छायेतील प्रदेशात हे काम जोखमीचे असते. स्वतःचे नाव आणि गाव सांगून बोलणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचारही संपादकालाच करावा लागतो. म्हणून संपादनाची गरज नाकारता येत नाही.

मात्र या संपादनात एक अनुवादही दडलेला असतो. गोंडी बोलणाऱ्या माणसाची तक्रार ज्या अधिकाऱ्याने दूर करावयाची, त्याची भाषा हिंदी. शहरातील ज्या श्रोत्याने फोन करावयाचा, त्याचीही भाषा हिंदी. साहजिकच तक्रारदार आपली तक्रार हिंदीत मांडण्याचा प्रयत्न करतो, किंवा गोंडीत मांडलेली तक्रार सारांशरूपाने हिंदीत येते. गाणी आणि कथा गोंडीत, तक्रारी हिंदीत, अशी भाषिक श्रमविभागणी त्यातून संभवते. मातृभाषा संस्कृतीपुरती आणि परभाषा हक्कापुरती उरणे ही गोष्ट नागरिकत्वाच्या दृष्टीने गंभीर आहे. कारण मग ज्याला हिंदी येते तो गावाच्या वतीने बोलू लागतो. आणि सप्र्यांच्या कथेतील विधवेप्रमाणे गोंडीभाषक स्त्री पुन्हा एकदा दुसऱ्याच्या वाणीतून व्यक्त होते.

मध्यस्थ वगळता येईल काय, याचा एक प्रयोग अन्यत्र झाला. आदित्य वशिष्ठ, एडवर्ड कट्रेल, गाएतानो बोरिएलो आणि थीस यांनी ‘संगीत स्वर’ हे गाण्यांचे व्यासपीठ उभारले. त्यावरील निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. येथे निवड संपादक करीत नसे. श्रोतेच मते देत आणि त्या मतांवरून गाण्यांचा क्रम ठरे. अकरा आठवड्यांच्या त्या प्रयोगाला अंध श्रोत्यांनी विशेष उत्कट प्रतिसाद दिला. समाज आपली अभिरुची स्वतः राखू शकतो, हे त्यातून दिसले. परंतु गाण्याची पसंती आणि तक्रारीची सत्यता या वेगळ्या बाबी आहेत. बहुमताने गाणे निवडता येईल. एका एकाकी कुटुंबाच्या तक्रारीला मते कोठून मिळणार?

६. गोंडीचे प्रमाणीकरण आणि सीमेपलीकडचा प्रश्न

तक्रार गोंडीतच मांडता यावयाची, तर यंत्राला गोंडी समजली पाहिजे; आणि यंत्राला समजावयाची, तर प्रथम ‘गोंडी कोणती?’ हे ठरविले पाहिजे. २०११च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या २९,८४,४५३ नोंदविली गेली; गोंड जमातीची लोकसंख्या मात्र एक कोटीहून अधिक आहे. छत्तीसगढ, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, तेलंगणा आणि शेजारची राज्ये यांत ती विखुरलेली आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही. लिपीही एक नाही : देवनागरी आणि तेलुगू लिप्यांचा वापर होतो, मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचलेली मसराम गोंडी आहे, तेलंगणातील हस्तलिखितांमुळे प्रकाशात आलेली गुंजाळा गोंडी आहे. या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली स्थान मिळाले.

निरनिराळ्या राज्यांतील गोंडीभाषकांना परस्परांचे बोलणे समजावे, या हेतूने सीजीनेटच्या पुढाकाराने २०१४पासून कार्यशाळा घेण्यात आल्या आणि सुमारे ३,००० शब्दांचा प्रमाण गोंडी शब्दकोश २०१८ साली पुढे आला. मराठीच्या अभ्यासकाला येथे मोल्सवर्थचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८३१चा मोल्सवर्थचा कोश शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला आणि विशिष्ट प्रदेशातील, विशिष्ट वर्गाच्या मराठीला प्रमाणत्व मिळवून देण्यात त्याचा वाटा होता. गोंडीच्या कोशासाठी निरनिराळ्या प्रदेशांतील भाषक एकत्र बसले, हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही एका वस्तूला चार प्रदेशांत चार शब्द असताना त्यांतील कोणता ‘प्रमाण’ आणि कोणते ‘पर्याय’, हा निर्णय येथेही चुकला नाही.

पुढचा टप्पा यांत्रिक अनुवादाचा. देवांश मेहता, कलिका बाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शब्दकोश, गोंडीत अनुवादिलेल्या बालकथा, ‘आदिवासी रेडिओ’ हे मोबाइल उपयोजन आणि हिंदी-गोंडी वाक्यांचे संकलन यांचा आढावा आहे. २०२५ साली केंद्र शासनाच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या अनुवाद-प्रणालीची प्राथमिक आवृत्ती प्रकाशात आणली. दिल्लीच्या आयआयटीच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात रायपूरनजीकच्या नवा रायपूर येथील माहिती-तंत्रज्ञान संस्था सहभागी आहे. संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या तिच्या आरंभीच्या भाषा. पैकी गोंडी छत्तीसगढची म्हणून नोंदविलेली आहे.

ही नोंद मराठी अभ्यासकाने दुर्लक्षू नये. गडचिरोलीची गोंडी आणि शेजारच्या बस्तरची गोंडी यांच्यामध्ये भाषिक सीमा नाही, राज्याची सीमा आहे. गडचिरोलीतील गोंडीभाषकाचा प्रशासनाशी संबंध मराठीतून येतो. त्याच्या गोंडीत मराठी शब्द मिसळले आहेत, जसे बस्तरच्या गोंडीत हिंदी व हलबी. हिंदी-गोंडी वाक्यांवर शिकलेले यंत्र त्याचे बोलणे कितपत ओळखेल, आणि ओळखले तरी ते हिंदीत उतरवून मराठी कार्यालयाला काय उपयोग, हे प्रश्न अभियांत्रिकीचे वाटले तरी त्यांचे मूळ प्रमाणभाषा आणि बोली यांच्या जुन्या वादात आहे. छत्तीसगढीचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. २००७ साली तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. मात्र २०११च्या जनगणनेतील तिचे १ कोटी ६२ लाख भाषक हिंदीच्या एकूण संख्येतच समाविष्ट झाले. राज्याची मान्यता आणि गणनेतील अस्तित्व या भिन्न गोष्टी आहेत, आणि यंत्र गणनेच्या मागे जाते.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सामाजिक संगणनाच्या संशोधनाने तक्रारदाराला लेखकाच्या मध्यस्थीवाचून बोलता येईल अशी सोय निर्माण केली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य आहे. त्याच वेळी मध्यस्थ नाहीसा झालेला नाही. तो संपादकाच्या, सारांशाच्या, शब्दकोशाच्या आणि अखेरीस अनुवादयंत्राच्या रूपाने आत सरकला आहे. मध्यस्थ जितका आत जातो तितका तो कमी दिसतो, आणि त्याच्या निर्णयांची चिकित्सा तितकीच अवघड होते.

या चिकित्सेची साधने तौलनिक साहित्याभ्यासापाशी आहेत. मौखिक संहितेचे लिखित रूपांतर होताना काय गळते, अनुवादात कोणत्या भाषेचे पारडे जड राहते, वाङ्मयप्रकाराचा साचा वक्त्याला काय बोलू देतो आणि काय बोलू देत नाही, हे प्रश्न लोकसाहित्य आणि अनुवाद यांच्या अभ्यासकांनी दीर्घकाळ हाताळले आहेत. त्यांचा उपयोग तक्रारीच्या निरोपांसाठी करावयाचा, तर या निरोपांना केवळ माहितीचे नमुने न समजता संहिता मानावे लागेल. मूळ ध्वनिमुद्रणे, त्यांची भाषा आणि वक्त्याची संमती यांसह त्यांचे जतन करावे लागेल. आणि गोंडीसारख्या भाषेचा विचार एका राज्याच्या चौकटीत न करता रायपूर, नागपूर आणि हैदराबाद येथील अभ्यासकांनी एकत्र येऊन करावा लागेल.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. यंत्राला शिकविण्यासाठी आज जी वाक्ये निवडली जातात, त्यांवरूनच उद्याच्या कार्यालयात ‘गोंडी’ म्हणून काय ओळखले जाईल हे ठरणार आहे. हातपंप दुरुस्त व्हावा म्हणून फोन उचलणाऱ्या भामरागडच्या अथवा कोंडागावच्या बाईला आपले म्हणणे आधी परभाषेत बसवून घ्यावे लागेल की नाही, हे पुष्कळ अंशी त्या निवडीवर अवलंबून राहील.